धामणीच्या लाकडातलं कोपर

बा, मी आता तुझ्यापेक्षा म्हातारी झाले आहे. तू गेलास तेव्हा तुझ्या मिशांत अजून काळे केस होते, माझ्या डोक्यावर आता शोधूनही एखादा सापडायचा नाही. अकोल्याला मुलाजवळ राहते. तो लहानपणी शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्याच पाटीवर मीही गिरवायला शिकले. तो घरी आला की भाकर त्याच्यापुढे आणि पाटी माझ्यापुढे. म्हणून माझं लिहिणं त्याच्या पुस्तकासारखं आहे आणि बोलणं अजून आपल्या गावचं. हे तुला कुणी वाचून दाखवलं असतं तर तू म्हणाला असतास, 'हे कोन पुण्याची बाई बोलून राहिली?' पण वाचून दाखवणार तरी कुठे? तुला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्यांनी तुला खांदा दिला तेही सगळे गेले. मला फक्त त्या हिवाळ्याबद्दल एकदा तुझ्याशी बोलायचं आहे. त्या हिवाळ्याची भीती माझ्या अंगातून कधी गेली नाही. अजून दुपारच्या वेळी शेजारच्या तुरीच्या काड्या वाऱ्याने वाजल्या की माझे पाय आपोआप थांबतात, आणि सुनेला वाटतं सासूबाईंना चक्कर आली.

तो कापसाच्या तेजीचा काळ होता. कुठे सातासमुद्रापार लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी आपल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला. ते पुरेना म्हणून डोंगराच्या पायथ्याचं झुडूप तोडलं, बोरी-बाभळी जाळल्या, आणि जिथे आपण लहानपणी आवळे वेचायला जायला भ्यायचो तिथपर्यंत नांगर नेला. तुला मात्र दम घ्यायला फुरसत नव्हती. अमरावतीच्या बाजारात कापूस न्यायला ज्याला त्याला गाडी हवी होती. अंगणात आरे, तुंबे, जू यांचे ढीग पडलेले असायचे. एकट्याला उरकेना म्हणून तू बडनेऱ्याकडून आपल्या जावयाला, म्हणजे माझ्या घरधन्याला, हाताखाली बोलावून घेतलंस, आणि त्यांच्यामागून मीही माहेरी आले. माय जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. आल्याच्या पहिल्याच सकाळी मला कळलं की तू जावयाला खरं कशासाठी बोलावलंस. मी समोर तांब्या धरून उभी होते आणि तुझा हात तांब्याच्या बाजूने हवेत गेला. उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं आणि डाव्यात धूर भरत होता. तू हळूच म्हणालास, 'गावात बोलू नको. आंधळ्या सुताराकडं गाडी कोन टाकन?' गाडीचं काम तुझ्या हातांना पाठ होतं, ते डोळ्यांवाचून होत होतं. पण माझ्या पोटात त्या दिवशी भीतीने जे घर केलं ते तिथेच राहिलं. पोटात तेव्हा तुझा नातूही होता, आणि कुणाची हालचाल कुठली हे मला कळेनासं झालं होतं.

मग बिबट उतरलं. नाव घ्यायचं नाही असं सगळे म्हणत, 'जनावर' म्हणायचं. त्याचं रान आपण नांगरलं होतं, ते जाणार कुठे? आधी बकऱ्या गेल्या, मग पाटलाचं वासरू गेलं. मग ऐन वेचणीत, भर दिवसा, नाल्यावर पाणी प्यायला गेलेली एक बाई परत आली नाही. मी तिला ओळखत होते. आदल्याच दिवशी तिने माझ्या ओटीकडे बघून हसत विचारलं होतं, 'कापूस हाय का लेकरू?' वेचलेला कापूस भरायची तिची कमरेची ओटी नाल्याच्या काठावर सापडली, कापसासकट. त्यानंतर एकही बाई वावरात जाईना. बोंडं फुटून लोंबायला लागली, कापूस जमिनीवर गळायला लागला. गावात बंदूक एकट्या पाटलाकडे होती आणि ती त्याच्या आज्यापासून उडाली नव्हती.

पाटील आपल्या ओट्यावर येऊन बसला तो दिवस मला आठवतो. ऊन छान होतं, मी तिखट कुटत होते. तो इकडतिकडचं काही बोलला नाही. 'तू पयले डोंगरातल्या लोकायले धनुष्यं करून देत होता ना? मले एक पायजे. जनावर पडन असं पायजे. तुया जावई नेम धरते असं आयकलं.' हे खरं होतं. यांनी लहानपणापासून तितर मारले होते. पण तितर आणि बिबट! मी मुसळ धरून तशीच थांबले. मला वाटलं, आता म्हणशील की माझे डोळे गेले, मला जमायचं नाही. तू म्हणालास, 'आढ्यावर धामणीच्या झाडाचं लाकूड हाय. धुरात पिकलेलं. करतो.' पाटील गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. 'बा, तुले दिसत नाई अन् तू धनुष्य करतो?' तू माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड केलंस. 'तुले दिसते ना? मंग झालं.'

बा, ते 'मंग झालं' मी आयुष्यभर अंगावर वाहिलं आहे. गाडीचं चाक हाताने चाचपून करता येतं, धनुष्याचं तसं नसतं हे तूच मला शिकवलंस. लाकूड वाकसाने तासून घडवून झालं की अर्धंच काम होतं. पुढचं काम ते वाकवून, लांबून बघण्याचं. तू अंगणात मेढ पुरलीस, तिच्या डोक्यावर खाच पाडलीस, त्या खाचेत धनुष्याची मूठ आडवी बसवलीस आणि सणाची दोरी खाली ओढून मेढीच्या खुंटीला अडकवलीस. मग मला भिंतीपाशी उभं केलंस; हातात धरल्यावर वर राहणारी बाजू माझ्या डावीकडे, खाली राहणारी उजवीकडे. 'आता नीट पाय. मुठीपासून वरती अन् मुठीपासून खालती, दोनी बाजू सारख्या वाकतात काय ते सांग. बैलाच्या शिंगावानी बाक आला पायजे. जेथी वाकतच नाई ते मले सांग, अन् जेथी जास्त वाकते तेबी सांग.' आणि मी सांगायचे. वरची बाजू टोकाकडे ताठ आहे. खालची मधे जास्त झुकते. तू लाकूड उतरवायचास, मांडीवर घ्यायचास आणि मी तुझं बोट धरून दाखवलेल्या जागी विळ्याच्या पात्याने पोटाकडून, म्हणजे धनुष्याच्या आतल्या अंगाने, खरवडायचास. पाठीला कधी हात लावायचा नाहीस. 'पाठीवरचा लाकडाचा धागा तुटला का धनुष्य मेलं,' म्हणायचास. खरवडून झालं की पुन्हा मेढीवर, पुन्हा थोडी थोडी ओढ, म्हणजे लाकडाला नवीन वाकणं कळावं. बारीक सोललेले कातरे तुझ्या पायाशी पडत आणि त्यांचा वास आंबटगोड यायचा. तो वास मला आवडायचा आणि त्याच वासाने मला उमळून यायचं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग खालच्या बाजूला, मुठीपासून वीतभर अंतरावर, मला ते दिसलं. तिथे लाकडात एक लहानशी गाठ होती. बाकी सगळीकडे बाक गोल यायचा आणि गाठीच्या अलीकडे एकाच जागी लाकूड मोडल्यासारखं वळायचं, माणसाच्या कोपरासारखं. ओढ थोडी होती तोवर दिसत नव्हतं. तू दोरी जसजशी खालच्या खुंटीला नेलीस तसतसं ते उघडं पडलं. मी म्हटलं, 'बा, येथी कोपर झालं हाय.' तू लाकूड उतरवलंस, अंगठा फिरवलास, पुन्हा फिरवलास. 'काई नाई. जाडी सारखी हाय.' मी म्हटलं, 'जाडी असन, पन वाकते जास्त.' तू चिडलास. इतका चिडलेला मी तुला मायच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं. 'माया अंगठा खोटं बोलते काय? तू जलमली नव्हती तवापासून हा अंगठा लाकडावर हाय!' हे आत रंधा मारत होते, तेही थांबले. मला रडू आलं, पण मी म्हटलं, 'मले जे दिसते ते म्या सांगतलं. तूच तं म्हनला होता का सांग.'

कोपर काढायचं म्हणजे काय हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. मला वाटलं तू तेवढ्या जागेवर काही करशील. तू मला खाली बसवून समजावलंस, राग गिळून. जिथे लाकूड जास्त वाकतं तिथे हात लावायचाच नाही. तिथलं काढलेलं परत चिकटवता येत नाही. तिच्या वरती-खालती जे ताठ आहे ते खरवडायचं, आणि मग दुसरी बाजू तिच्या जोडीची राहावी म्हणून तिलाही तितकंच खरवडायचं. म्हणजे सगळं धनुष्यच हलकं होणार. 'अन् हलकं धनुष्य जनावराले पाडत नाई,' तू म्हणालास. 'आता सांग. कोपर हाय?' बा, तू मला असं विचारायला नको होतंस. तुला दिसत नव्हतं हे मला कळतं, पण तरीही. एका बाजूला मला पुढचे हे दिसत होते, माचाणावर, हातात ऐन वेळी मोडणारं लाकूड घेऊन. दुसऱ्या बाजूलाही हेच होते, हातात न मोडणारं पण बाण खोल न घालणारं धनुष्य घेऊन. मी पुन्हा भिंतीपाशी गेले. तू पुन्हा दोरी ओढलीस. मी इतका वेळ बघत राहिले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाण्यातून तर सगळंच वाकडं दिसतं. ते पुसून पुन्हा बघितलं. कोपर होतं. मी म्हटलं, 'हाय.' तू पातं उचललंस.

दिवसभर तू खरवडत होतास. संध्याकाळी बाक गोल आला. दोन्ही बाजू तराजूच्या दोऱ्यांसारख्या सारख्या झाल्या. तू जवसाचं तेल चोळलंस, यांच्या हातात दिलंस. यांनी ओढून बघितलं, गोठ्यामागच्या पेंढीत बाण मारला, बाण उपसला आणि किती आत गेला होता ते बोटाने मापलं. मला वाटलं मुद्दामच माझ्याकडे बघत नाहीत. 'हे लागन जनावराले,' ते म्हणाले, 'पन आत जाईन काय?' तू म्हणालास, 'जवळून मारजो.' एवढंच. जवळून म्हणजे किती जवळून, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या भाकरी सगळ्या करपल्या आणि तुम्ही दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.

पाटील धनुष्य बघायला आला तेव्हा बायका अजून वावरात जायला तयार नव्हत्या. त्याने धनुष्य उलटसुलट केलं, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मग म्हणाला, 'तुया धनुष्यावर तुया भरोसा हाय ना? मंग तुई लेक धाड पऱ्हाटीच्या पयल्या तासावर. सुताराची पोटुशी लेक येचाले आली असं पायलं का साऱ्या येतीन.' मी दाराआड होते. तू म्हणशील नाही, असं मला वाटलं. तू कुऱ्हाडीच्या दांड्यावरून हात फिरवत होतास. नाही म्हटलं असतंस तर गावाने म्हटलं असतं, सुतारालाच आपल्या लाकडाचा भरवसा नाही. मग कुणी गेलं नसतं, आणि हिवाळाभर कापूस मातीत गेला असता, आणि त्या कापसावर गावातल्या सगळ्या चुली पेटायच्या होत्या. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की तुझे ओठ हलले आणि तू हो म्हणालास. पाटील गेल्यावर तू दाराकडे तोंड करून म्हणालास, 'म्याबी येतो. माचानाखाली बसतो.' मी विचारलं, 'तू येऊन काय करशीन, बा?' तू हसायचा प्रयत्न केलास. 'मले दिसत नाई, आयकू तं येते.'

पहिले काही दिवस काही झालं नाही. त्या दिवसांची भीती मला सगळ्यांत जास्त आठवते, नंतरच्या भीतीपेक्षाही. सकाळी दहिवराने पऱ्हाटी ओली असायची, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं आणि प्रत्येक थेंब मला कुणाच्या तरी श्वासासारखा वाटायचा. बायका माझ्यामागे ओळीने यायच्या, माझ्या पुढे कुणी जायचं नाही. कापसाच्या दर काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीची उंच ओळ होती, आणि तिच्यापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही. मी वेचायचे आणि बघायचे, वेचायचे आणि बघायचे. हे बांधावरच्या बाभळीवर बांधलेल्या माचाणात, तू खाली कुऱ्हाड मांडीवर घेऊन. तू मान एका बाजूला कलती करून बसायचास. दर थोड्या वेळाने हाक मारायचास, 'हाय ना, पोरी?' आणि मी म्हणायचे, 'हाव, बा, हाय.' बायका हसायला लागल्या त्यावर. मग त्याही म्हणायला लागल्या, 'हाव, बा, हाय!' हसता हसता भीती थोडी सैल झाली. तेच वाईट झालं.

ती दुपार होती. भाकरी खाऊन आम्ही पुन्हा वेचायला लागलो होतो. तुरीत साळुंक्या भांडत होत्या त्या एकाएकी गप्प झाल्या. मी मान वर केली आणि मला तुरीच्या खोडांमधून दोन डोळे दिसले. अंग दिसत नव्हतं, नुसते डोळे, जमिनीला टेकलेले, माझ्याकडे. बा, मला ओरडता आलं नाही. किती वेळा मी स्वतःला त्या जागी उभं करून ओरडायला लावलं आहे, पण तिथे आवाजच नव्हता. ओटीची गाठ सुटली आणि कापूस माझ्या पायांवर पडला. तू हाक मारलीस, 'हाय ना, पोरी?' आणि मी उत्तर दिलं नाही. त्यावरूनच तुला कळलं. तू उठलास आणि वर बघून ओरडलास, 'तिचं तोंड कोनीकडं हाय ते पाय! तिकडंच हाय ते!' यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि धनुष्य ओढलं. तेव्हा मी काय केलं ते तुला सांगते. जनावर उडी घेत होतं आणि मी जनावराकडे बघितलं नाही. मी धनुष्याच्या खालच्या बाजूकडे बघितलं. गाठीच्या जागेकडे. बाक गोल होता. वरपासून खालपर्यंत, शिंगासारखा, सारखा. मग दोरीचा आवाज झाला.

बाण खांद्यात बसला, पण खोल गेला नाही. जनावर हवेतच पिळलं, माझ्या अलीकडे पडलं आणि बाण घेऊन परत तुरीत घुसलं. बायका किंचाळत बांधाकडे पळाल्या. मीही पळाले आणि सुटलेल्या लुगड्यात पाय अडकून पडले, पोटावर पडू नये म्हणून कुशीवर. तुरीच्या आतून गुरगुर येत होती, कधी इकडून कधी तिकडून. हे माचाणावरून उतरत होते, दुसरा बाण दातात धरून. आणि तू, बा, तू हात पुढे करून, पऱ्हाटीला अडखळत, माझ्या रडण्याच्या आवाजाकडे चालत आलास. माझ्यापाशी पोचलास, पायाने मला चाचपलंस, आणि माझ्याकडे पाठ करून तुरीकडे तोंड करून उभा राहिलास. कुऱ्हाड दोन्ही हातांत होती. मी म्हटलं, 'बा, तुले दिसत नाई!' तू म्हणालास, 'चूप राय. मले आयकू दे.'

ते आलं तेव्हा तू त्याला ऐकलंस, पण थोडं उशिरा. कुऱ्हाड घसरून गेली. तू डावा हात त्याच्या तोंडात दिलास, मुद्दाम दिलास, मी पाहिलं, आणि मागे सरला नाहीस, कारण मागे मी होते. हे धावत आले. तू म्हणाला होतास जवळून मारजो. बाणाचं टोक जवळजवळ त्याच्या बरगड्यांना टेकवून त्यांनी सोडला. एवढ्या जवळून धनुष्य हलकं असो की भारी, काही फरक पडत नाही. ते तुझ्या अंगावरच मेलं. तू त्याच्याखालून विचारलंस, 'हाय ना, पोरी?' मला आवाज फुटला. 'हाव, बा. हाय.'

गावाने तुला मिरवत आणलं. पाटलाने गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका वावरात गेल्या, कापूस अमरावतीला पोचला, भाव मिळाला. पण जखमेला हळद भरली, लिंबाचा पाला बांधला तरी हात सुजत चालला. खांद्यापासून वास यायला लागला. लोक बघायला येत आणि ओट्यावर बसून बोलत. मी आतून ऐकलं, पाटीलच बोलत होता, 'धनुष्य मऊ पडलं ना. जोराचं असतं तं पयल्याच बाणात जनावर आडवं झालं असतं. सुताराले झालं नसतं हे.' हे त्याच्यावर धावून गेले, लोकांनी आवरलं. मी तुझ्या उशाशी होते. तू जागा होतास. तूही ऐकलंस. मला तुझ्या तोंडाकडे बघवेना. कारण पाटील ज्याला मऊ म्हणत होता ते धनुष्य माझ्या डोळ्याने मऊ केलं होतं. तुझा अंगठा नाही म्हणत होता.

दुपार कलल्यावर तू म्हणालास, 'ते धनुष्य आन इकडं.' मी आणलं, दोरी उतरवलेलं. अंग तापाने भाजत होतं, पण तुझा उजवा हात स्थिर होता. तू ते छातीवर आडवं घेतलंस आणि अंगठा पाठीवरून हळूहळू खाली नेलास, गाठीपर्यंत. तिथे थांबलास. पुढेमागे केलास. मग म्हणालास, 'येथी पाय. चीर हाय. केसावानी. धागा तुटून राहिला होता.' मी वाकले. तू म्हणालास, 'जोराचं ठेवलं असतं तं पयल्याच ओढीत मोडलं असतं. तो माचानावर रिकामा हात घेऊन बसला असता, अन् तू तेथी उभी. तुया डोळा खरा होता, पोरी. माया अंगठा खोटा.' मी तुझ्या पायांवर डोकं ठेवून रडले. यांना हाक मारून तू तेच पुन्हा सांगितलंस, ओट्यावरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नंतर पाटील त्याबद्दल कधी बोलला नाही. त्यानंतर दोन दिवसांनी तू गेलास.

आम्ही गाव सोडलं. पुढे रेल्वे आली तेव्हा यांना बडनेऱ्याला सुतारकाम मिळालं, मग अकोल्याला. तुझा नातू बरा निघाला, हिशोबाची नोकरी करतो, कुऱ्हाड धरता येत नाही त्याला. धनुष्य मी कपड्यात गुंडाळून सगळीकडे नेलं. दर दसऱ्याला ते पूजेत ठेवतो. यंदा तुझ्या नातवाने विचारलं, 'आई, एकदा दोरी चढवून बघू का? आजोबांचं धनुष्य कसं वाकतं ते तरी बघू.' मी अशी ओरडले की शेजारचे दारात आले. चीर आहे, मोडेल, असं त्याला सांगितलं. तेच मी यांनाही आयुष्यभर सांगितलं, आणि हे गेले तेव्हा तेच समजून गेले.

बा, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुझा डोळा लागल्यावर मी धनुष्य उजेडात नेलं होतं. तू दाखवलेल्या जागी अंगठा फिरवला. नखाने बघितलं. राख चोळून बघितली. त्यानंतरही दर दसऱ्याला, सगळे झोपायला गेल्यावर नाही, सगळ्यांसमोर, पुसायचं निमित्त करून बघते. मला ती चीर अजून सापडलेली नाही. आणि दोरी मी कुणाला चढवू देत नाही ती धनुष्य मोडेल म्हणून नाही. ते मोडणार नाही, याची मला भीती वाटते.